चौथी पट्टी

नाही हो मास्तर, दोन्ही बाह्यांची काढा — एका हातावर चार पट्ट्या आणि दुसऱ्यावर तीन, असा काय सर्कशीत जाऊ मी? वरची फक्त, चौथी. म्हटलं कोट ज्यांनी शिवला त्यांच्याच हातून उसवू दे. काय? आठवड्यात हा सतरावा? — असणारच. कंपनीचं दिवाळं निघालं, निम्मी भाड्याची विमानं ज्याची त्याला परत गेली, मग इतके कॅप्टन ठेवून करायचं काय? चाराच्या तीन पट्ट्या करा आणि डावी खुर्ची सोडून उजवीकडे बसा, दुसऱ्याच्या हाताखाली. नवा करार! नाही, चहा नको. इथेच बसतो स्टुलावर, तुम्ही चालू द्या.

तो कोट कुणाचा हो, खुंटीवरचा? — नाही, सहज विचारलं. खालचं बटण काळ्या दोऱ्यानं लावलंय, बाकीची निळ्या, म्हणून. सांगू नका, माहीत आहे मला. ते बटण मीच लावलंय, एका हॉटेलच्या खोलीत, आणि त्यानं परतीच्या अख्ख्या प्रवासात माझी टर उडवली — तुझं शिवणकाम बघून प्रवासी उतरून जातील म्हणे. घड्याळ म्हणतो आम्ही त्याला. कुठेही बोलवा, अर्धा तास आधी हजर. आम्ही दोघं एकाच दिवशी नोकरीला लागलो, आणि एकाच दिवशी लागलेल्यांत वयानं मोठा त्याचा ज्येष्ठतेच्या यादीत नंबर आधी, असा आमच्याकडे नियम. मी चार दिवसांनी मोठा. म्हणून मी अठ्ठ्याण्णव, तो नव्याण्णव. चार दिवस, मास्तर! त्यावरून इतकी वर्षं थट्टा — कुठल्याही दारात कमरेत वाकून उभा राहायचा, म्हणायचा, ज्येष्ठांनी आधी चलावं.

हं? — हो, हो, माझीही गेली. म्हणजे — तुम्ही उसवा ना. त्यालाही मी तेच सांगितलंय, फोनवर. त्याचा आवाज ऐकला आणि बोलून बसलो, अरे, माझीही चौथी गेली. तर हसला हो तो! म्हणाला, मग काही वाटत नाही, दोघं बरोबर आहोत. आणि आज वेळापत्रक लागलं. उद्या सकाळचं विमान — कॅप्टन मी, आणि शेजारी तो. त्यानं अजून पाहिलं नसावं. पाहिलं असतं तर फोन आला असता. किंवा आला नसता.

गेली नाही हो माझी. अठ्ठ्याण्णवपर्यंत वाचले, नव्याण्णवपासून उतरले. तीन पट्ट्या लावल्या म्हणून माझी डावी खुर्ची उजवी होणार आहे का? नाही होणार, कळतं मला. पण त्याच्या शेजारी चार लावून बसायचं कसं, तुम्हीच सांगा — नका सांगू, आधी ते अस्तर टाचून घ्या.

आणि बोलणी करायला मीच होतो! वैमानिकांच्या बाजूनं आम्ही तिघं, त्यातले दोघं यादीत पार वर, त्यांना कसली धास्ती? कंपनी म्हणत होती, पहिले ऐंशी ठेवू, बाकीचे उतरवा. एकेक नंबर ओढून आणला मी. सुट्ट्या सोडल्या, दोन उड्डाणांमधली विश्रांती सोडली — ऐंशीचे नव्वद केले, नव्वदचे पंच्याण्णव, दुपारी अठ्ठ्याण्णव. समोरच्या वकीलबाईंनी पेन उचललं आणि विचारलं, "आणखी काही?" आणि मी म्हणालो, "नाही. झालं." दमलो होतो, सकाळपासून बसून पाठ धरली होती — सगळ्यांना हेच सांगितलं. साफ खोटं. नव्वदला नव्हतो दमलो? पंच्याण्णवला? माझा नंबर आला आणि मग दमलो मी. नंतर लिफ्टपाशी त्या बाई सहज म्हणाल्या, तुम्ही थांबलात म्हणून, नाहीतर आम्हाला एकशे पाचपर्यंत परवानगी होती. लिफ्ट आली. मी जिन्यानं उतरलो. सात माणसं, मास्तर. एक शब्द आणखी बोललो असतो तर त्याचा कोट त्या खुंटीवर नसता. लाज वाटते हो मला, त्याच्या नुसत्या कोटाकडे बघायची लाज वाटते. हे बायकोलाही बोललो नाही. तुम्हाला का सांगतोय कुणास ठाऊक — तुमच्या ओठांत टाचण्या आहेत, म्हणून असेल.

थांबा. थांबा म्हटलं ना — कात्री ठेवा खाली. हा गडद पट्टा कसला? पट्टीखालचं कापड? उन्हानं बाकीचा कोट विटला आणि तेवढं नवं राहिलं — मग ते दिसत राहणार? कायमचं? त्याच्याही बाह्यांवर असंच उमटलंय? — नको. दाखवू नका. माझी लावा परत, जेवढी उसवलीत तेवढी लावून टाका. हो, चौथी. चारच राहू द्यात.

तो कधी येतोय न्यायला? आजच? पाचला? — मास्तर, पाच म्हणाला म्हणजे साडेचारला येणार तो. किती वाजले? द्या तो कोट इकडे. राहू दे लोंबती पट्टी, द्या तसाच. आणि मी आलो नव्हतो — मागे दार आहे ना हो दुकानाला?