बुधवारची घंटा

नाही नाही ताई, तिथे नका बसू, त्या बाकाचा पाय कुजलाय — चार दिवस पाण्यात होता ना — इकडे या, ही खुर्ची घ्या, ही पाळकांच्या घरून आणलीय. हां. तर तुम्ही चर्चच्या मुख्य कचेरीतून आलात, पुरात गेलेल्यांच्या स्मारकाच्या दगडावर काय कोरायचं ते पक्कं करायला, आणि सगळ्यांच्या साक्षी लिहून घेताय. पाळकांनी सांगितलं मला काल. लिहा की. माझी साक्ष म्हणजे काय हो, दोन ओळींची. एकतीस वर्षं मी या चर्चची घंटा वाजवतोय. झाडलोट मीच, मेणबत्त्या मीच, घंटाही मीच. त्या बुधवारी मी इथे नव्हतो. यायला निघालो होतो, रस्त्यात पाण्याने गाठलं, आणि संध्याकाळी होडी आली तेव्हा इथल्या छपरावर सापडलो. घंटा आपोआप वाजली. संपलं. कुठे करू सही?

आणखी लिहायचंय? घंटेचं? विचारा, त्यातलं कळतं मला — बाकी कशातलं कळत नाही असं आमची ही म्हणायची. तसं काही अवघड नाही. रविवारी दहा मिनिटं, न थांबता, एका लयीत. कोणी गेलं तर एक टोला, मग वीस आकडे मोजायचे, मग दुसरा. लग्नाला जरा उड्या मारत. बास, एवढंच. आणि घंटा थांबली की उपासना सुरू, दार ओढून घ्यायचं — हा नियम माझ्या आधीपासूनचा. म्हणून घंटा वाजत असते तोवर लोक गप्पा मारत रमतगमत येतात, आणि थांबली रे थांबली की जे रस्त्यात असतील ते धावत सुटतात. दर रविवारी गंमत असते बघायला. आमची ही कायम त्या धावणाऱ्यांत. घंटावाल्याची बायको, आणि जन्मात एकदा वेळेवर आली असेल तर शपथ! मग गुडघा गेला तिचा, दोन महिने घरातच होती.

तर तो बुधवार. पाच दिवस पाऊस, लोक घरात बसून कंटाळलेले. गल्ली बघितलीत ना तुम्ही येताना? सगळी चढावर. शाळा अगदी वर, घरं मध्ये, आणि चर्च सगळ्यात खाली, नदीला लागून. पाणी घरांच्या उंबऱ्यापर्यंत आलं आणि तिथून परत गेलं. घरात एक माणूस दगावलं नाही ताई. एक नाही. सतरा गेले ते सगळे इथे, आत, तुम्ही बसलाय तिथे. घंटा ऐकून आले ना. वरून नुसत्या छत्र्या दिसत होत्या — सगळ्या काळ्या, एकच लाल, आणि बेकरीवाल्याने डोक्यावर मैद्याचं रिकामं पोतं घेतलेलं — एकामागून एक, उतारावरून खाली —

काय झालं? लिहायचं का थांबलात?

वरून म्हणालो का मी? म्हणजे — लोक सांगतात ना, छत्र्या होत्या म्हणून, मनात चित्र उभं राहतं माणसाच्या. हातांकडे नका बघू माझ्या. ते छपराचे पत्रे धरून धरून झालंय, दवाखान्यातही तसंच लिहिलंय. पत्र्याने कापतं, हो, बरोबर आहे तुमचं, कापतं. असं सोलून निघत नाही. दोराने निघतं.

जाऊ दे. लिहू नका, ते पेन खाली ठेवा, मग सांगतो. मी आत होतो. वेदीवरचं कापड आणि बाप्तिस्म्याची वही भिजू नये म्हणून मनोऱ्यात न्यायला आलो होतो, आणि मनोऱ्याच्या खिडकीतून बघतो तर लाकडाच्या वखारीपाशी नदीचा बांध ढासळतोय. वाटलं, गल्ली गेली. सगळी गेली. काय करणार मी? हातात काय होतं माझ्या? दोर. धरला आणि ओढत सुटलो, जीव खाऊन. मला म्हणायचं होतं पळा, वर पळा, शाळेकडे पळा. पण पळा म्हणणारी घंटा आमच्यात नाहीच हो! आमची घंटा जन्मभर एकच सांगत आली, या. तीच मी वाजवली. आणि ते आले. असल्या पावसात, बुधवारी, भर दुपारी, कोणी विचारलंसुद्धा नाही आज कसली घंटा. पाळकांनी विशेष प्रार्थना ठेवली असेल, असं समजले असतील. पाळक त्या दिवशी गावातच नव्हते.

मी खिडकीतून ओरडलो. मागे फिरा, मागे फिरा! पण घंटेच्या आवाजात मला माझंच ऐकू येईना, त्यांना कुठलं यायला? म्हणून मी — ताई, एवढं एकच ऐकून घ्या, बाकी विसरलात तरी चालेल — आवाज पोचावा म्हणून मी घंटा थांबवली.

आणि ते धावत सुटले.

हो. खाली, दाराकडे. उशीर झाला म्हणून. ती लाल छत्री आमच्या हिची, एक काडी मोडलेली, मी नीट करून देणार होतो. सगळ्यांच्या मागे होती ती. गुडघ्यावर हात दाबत, लंगडत, पण धावत होती बघा. मी परत दोर ओढायला लागलो, थांबतील म्हणून, वेड्यासारखा, तर तोवर सगळी आत. त्यांनी गाणं सुरू केलं. माझ्या पायाखाली गात होते ते. मग पाणी आलं. मी खाली निघालो होतो, देवाशप्पथ निघालो होतो, सात पायऱ्या उतरलो. आठवी पाण्यात होती. मी परत वर गेलो. तिने हाक मारली की नाही, मला माहीत नाही. ऐकू येऊ नये म्हणून मी घंटा वाजवत राहिलो.

पाणी प्या. घ्या, स्वच्छ आहे, उकळलेलं आहे.

दवाखान्यात शिवणवाल्या मावशी आल्या माझ्याजवळ. वेदीचं कापड शिवतात ना त्या, त्यांचा एकुलता एक मुलगा इथेच गेला, छान आवाज होता त्याला. मला म्हणाल्या, तू होतास का रे तिथे? मी म्हणालो, नव्हतो. मग कोण वाजवत होतं? माहीत नाही. अरे पण तू नव्हतास ना नक्की? नव्हतो मावशी. तीनदा विचारलं, तीनदा नाही म्हणालो. आणि त्यांचा चेहरा असा काही उजळला ताई, की पुढे माझी जीभच उचलेना. म्हणाल्या, म्हणजे देवानेच बोलावलं, स्वतः बोलावलं माझ्या लेकराला. आठवड्याभरात सगळीकडे झालं ते. लोक परत प्रार्थनेला यायला लागले. नाहीतर कोण येणार होतं इथे?

पाळकांना? सांगितलं की. त्यांच्या पाया पडून सांगितलं, अक्षर न् अक्षर, आत्ता तुम्हाला सांगितलं तसं. ते चष्मा पुसत बसले. फार वेळ पुसला. मग म्हणाले, तुला ताप होता तेव्हा, जा, आराम कर. आणि पुढच्या रविवारी उभं राहून संदेश कशावर दिला? आपोआप वाजलेल्या घंटेवर. माझ्याकडे एकदाही बघितलं नाही. त्या दिवसापासून मी प्रभुभोजन घेत नाही, प्याला पुढे आला की मान खाली घालतो. लोकांना वाटतं, बायकोच्या दुःखात आहे बिचारा. क्षमा मागायची तर कोणाकडे मागू, सांगा ना? देवाकडे मागायला बसतो तर इथे सगळे त्याचेच आभार मानतायत, मी केलं त्याबद्दल.

नाही, डोळे मिटू नका. माझ्यासाठी प्रार्थना नको. आणि ते पेनही नका उचलू. काय लिहिणार आहात? खरं लिहिलंत तर सतरा घरांत काय उरेल? मी केलाय विचार, दुसरं काय करतो मी दिवसभर? आणा तो कागद. आपोआप वाजली, हेच राहू द्या. ही घ्या सही, जरा वेडीवाकडी आली, बोटं मिटत नाहीत अजून.

अं? हो, दार वाजलं. त्याच असणार. रोज याच वेळेला येतात, रोज तेच विचारतात. तुम्ही निघा आता ताई, बाजूच्या दाराने जा, पुढे गाळ आहे. काही बोलू नका त्यांच्याशी, तुमचा चेहरा बघून कळेल त्यांना. निघा म्हणतो ना!

या मावशी, या. सावकाश. इथे बसा, खुर्चीत... हो, त्या कचेरीतल्या बाई होत्या, लिहून नेलं त्यांनी सगळं... हो, तसंच लिहिलं... नाही मावशी. मनोऱ्यात कोणी नव्हतं. मी सांगतो ना. कोणीच नव्हतं.