दुमडलेली नळी

तुम्ही मला घुमी म्हणता ना, मग हे ऐका. आमच्या विहिरीला काळा खडक लागला, म्हणून मानवतहून हवेच्या दाबावर चालणारं ड्रिल मशीन आणलं होतं. ते पाहायला निम्मा गाव काठावर जमला. आमचे थोरले काका सगळ्यांना सांगू लागले, "आत ही मोठी स्प्रिंग हाय. म्हणून तर आतला दट्ट्या लोखंडावर आदळून मशीन फुटत न्हाई."

दुपारी मशीनवाले मशीन उघडून तेल घालत होते, तेव्हा मी वाकून पाहिलं होतं. आत स्प्रिंग नव्हती. माझ्या तोंडून निघून गेलं, "काका, तिथं हवा कोंडलेली असती. दट्ट्या मागं येतो तवा त्या हवेवर आदळतो, लोखंडावर न्हाई."

"हवेनं दणका थांबतो व्हय?" काका भडकले. "लय जबान चालायली तुझी. हेच शिकवायलेत शाळेत? उद्यापासून घरीच बस."

मी त्यांच्या सायकलचा पंप आणला. त्याची नळी दुमडून घट्ट धरली आणि म्हणाले, "दाबा."

काकांनी जोर लावला. दांडा थोडा खाली गेला आणि उसळून वर आला. त्यांनी पुन्हा दाबला, तो पुन्हा वर आला. लोक हसायला लागले.

"यात स्प्रिंग कुठं हाय?" मी विचारलं.

काका घामाघूम झाले होते. "सोड ती नळी. मग बघ कसा दाबतो."

"आधी मला 'शाळेत जा' म्हणा, मग सोडते."