डावीकडचे गोल

— मग मलाच विचारा की, धनंजयभाऊ. रेमंडची कशाला वाट बघायची? तुम्ही लीगचे सेक्रेटरी, सुट्टीच्या दिवशी मदिनत सुलतान काबूसहून गाडी काढून मस्कतच्या या टोकाला, अल खौदला आलात, आणि विचारायचं काय तर एवढंच ना, की शेवटची मॅच आमची टीम खरोखर हरली का मुद्दाम हरली? तो येईल, कंपनीची बस सगळ्यांना सोडत सोडत येते, आमचं घर शेवटी. तोवर चहा घ्या. नाही नाही, त्रास कसला, या प्रश्नावर मी गेले पंधरवडाभर चहाच करतेय. दर शुक्रवारी चर्चमधून, मिस्साहून आलो की हा हॉल भरतो. माझा भाऊ ट्रेव्हर तिकडे सोफ्यावर, तुमचा तो पुण्याचा कौशिक इकडे खुर्चीत, आणि मध्ये रेमंड, दोघांच्या तोंडाकडे बघत. मी आतून मैद्याचे फुगे तळून आणते, ते खातात, आणि भांडतात. हरले का हरवले, हरवले का हरले — कान किटले हो माझे. परवा तर मी म्हटलं, अरे बाबांनो, कोणाचं लग्न मोडलंय का, कोणी मेलंय का? हॉकी आहे! तर ट्रेव्हर म्हणतो, जुलियाना, तुला नाही कळायचं.

न कळायला काय झालं? या नियमाचं खूळ आणलं ते ट्रेव्हरनेच ना? त्याचा साडू कॅनडात. तिकडे म्हणे बर्फावरच्या हॉकीत जी टीम शेवटची येते तिला पुढच्या वर्षी नवीन पोरांतून पहिला खेळाडू उचलायला मिळतो, म्हणजे दुबळ्याला हात. तुम्हा लोकांना आवडलं, तुम्हीही इथे तसंच केलंत. मस्कतला नोकरीवर जी नवीन पोरं येतील त्यांच्या नावांची यादी, आणि पहिली उचल शेवटच्याची. आता झालं काय, की या वर्षी तो अरमान आलाय. कोण म्हणतं ज्युनियर नॅशनल खेळलाय, कोण म्हणतं बॉल काठीला चिकटलेलाच असतो. सगळ्यांना तोच पाहिजे. आणि आमची टीम शेवटून दुसरी. शेवटच्या मॅचला नुसती बरोबरी केली असती तरी दुसरीच राहिली असती — आणि हे सहा गोल खाऊन शेवटची आली. मग बोंब उठणारच. मी कॅनडावाल्याला फोनवर विचारलं, तुमच्याकडे पण असं म्हणतात का रे? तो म्हणतो, ताई, इकडे तर सीझनच्या शेवटी लोक आपल्याच टीमने गोल मारला की चरफडतात, की अरे कशाला जिंकताय, आता हरा ना! पण खेळणारा कधी मुद्दाम हरत नाही म्हणे, त्याला पुढच्या वर्षीचं काय, त्याची जागाच तो नवा पोरगा खाणार. हरवतात ते वरून, टीम कच्ची ठेवून. आता सांगा, एवढं कळलं मला, तरी मला हॉकी कळत नाही!

ट्रेव्हरचं म्हणणं, मुद्दाम हरलो असलो तर शहाणपणाच केला. गेलेल्या मॅचसाठी कशाला मरायचं, एका संध्याकाळची लाज, पण वर्षभराची सोय. कौशिक तर लालबुंद होतो. ज्याने एकदा मुद्दाम सोडली त्याची जिंकलेली मॅच पण खरी कशावरून, म्हणतो. मला विचाराल तर कौशिकचं बरोबर आहे. पण आवाज ट्रेव्हरचा मोठा.

आणि रेमंड? तेच तर. तुम्ही त्याला ओळखता ना? आमचं लग्न व्हायच्या आधीपासून तो गोलात उभा राहतो, तिकडे वसईत चर्चच्या मैदानावर, मग इथे. मागे एकदा फायनलमध्ये बॉल त्याच्या पॅडला लागून लाइनीच्या आत गेला, अंपायरला दिसलं नाही, आणि यानेच हात वर केला — गोल आहे म्हणून. टीम हरली. ट्रेव्हर महिनाभर बोलला नाही त्याच्याशी, माझ्याशीही नाही, माझा काय संबंध? तो माणूस मुद्दाम गोल सोडेल? देवाशपथ सांगते, मला राग आला होता तुमचा, दारात बघितलं तेव्हा. म्हटलं या माणसाला चहासुद्धा देऊ नये. — हसू नका, खरंच.

काय? — हो. माहीत आहे मला. त्यानेच सांगितलं असं सगळे म्हणतायत, तेही खरं आहे. इथेच, मागच्या शुक्रवारी. ट्रेव्हरने विचारलं, रेमंड, खरं सांग, सोडलेस ना? आणि हा हसला, आणि म्हणाला, सोडले असं समज की. मी आत कढईपुढे होते. माझ्या हातातला झारा तसाच राहिला. हा खोटं बोलतोय हे मला आवाजावरून कळलं, पण खोटं कुठल्या बाजूचं ते कळेना. माणूस आपली चोरी लपवायला खोटं बोलतो. न केलेली चोरी अंगावर कोण घेतो?

बघू. — कौशिकने काढलेला व्हिडिओ ना? ग्रुपवर फिरतोय तो? मी नाही बघितला, माझ्याने बघवलं नाही. दाखवा. हं… हा एक… हा दुसरा… काय म्हणालात? सगळे डाव्या बाजूने? हो, दिसतंय. समोरून मारलेले किती अडवलेत बघा ना, तो बघा, केवढा जोरात होता तो! आणि डावीकडून हळू येणारा, लहान मुलाने ढकलावा तसा येणारा — हललापण नाही. म्हणून तुम्ही म्हणता डावा खांब मुद्दाम उघडा ठेवला. तसं दिसतं खरं. पण अहो, डावीकडून आलेला बॉल त्याला कसा दिसणार, डावीकडून मी चहाचा कप पुढे केला तर तो त्याला —

नाही. काही नाही. बिस्किट घ्या. ही खजुराची आहेत, आमच्या लेकीच्या, नॅटलीच्या मैत्रिणीच्या घरून आली, उमामाच्या, तिची आई छान करते. घ्या ना.

…असे बघू नका हो माझ्याकडे.

आता निघालंच तोंडातून. दार लोटून घ्या जरा, नॅटली आत अभ्यास करतेय, तिची बारावी आहे. — तिलाही माहीत नाही. मला माहीत आहे हे त्यालाही माहीत नाही. म्हणजे कसं सांगू — तो माझ्यापासून लपवतोय, आणि मी त्याला लपवू देतेय. आधी त्याने गाडी चालवायची सोडली. म्हणाला, पार्किंगची कटकट कोण करणार, कंपनीची बस आहे की. जो माणूस लांब सूर गावाला जायला पहाटे उठून आनंदाने स्टिअरिंगवर बसायचा, तो! मग हाताला भाजलेलं दिसायला लागलं. डाव्याच. हॉटेलच्या किचनमध्ये इतकी वर्षं, कधी फोड नाही आला. मग एक दिवस म्हणाला, मी कोल्ड किचनला बदली मागून घेतली, गरमीचा कंटाळा आला. सॅलडं कापतो आता, ज्याच्या बिर्याणीसाठी लोक हॉटेलात नाव सांगून यायचे. आणि फ्रीजमध्ये लोणच्याच्या बरणीमागे डोळ्यांत घालायच्या औषधाची बाटली. विचारलं तर म्हणे धुळीचं आहे. मी ती पर्समध्ये घालून खाली अमीनच्या मेडिकलमध्ये नेली. त्याने बाटली बघितली, मग मला बघितलं. आपल्याकडे काचबिंदू म्हणतात ते. गेलेली नजर परत येत नाही, सिस्टर, तो म्हणाला, पण रोज घातलं तर राहिलेली टिकेल, इन्शाल्ला. मी वर आले आणि बाटली होती तशी ठेवली, बरणीमागे. आता रोज तो अंघोळीला गेला की बघते, कमी झालं का औषध. कमी होतं. घालतो बिचारा, न चुकता घालतो.

एवढंच. म्हणून ते गोल. समोरचं दिसतं त्याला, छान दिसतं, पेपर वाचतो, सुईत दोरा ओवून देतो मला. डावीकडचं जग तेवढं गेलंय. आणि त्यात ते हेल्मेट.

आता कळलं ना तुम्हाला तो का हसला? अहो, चोर म्हटलं की लोक भांडतात, ओरडतात, आणि खलास, पुढच्या सीझनला विसरतात. दिसत नाही म्हटलं की विसरत नाहीत. मग सगळे हळू आवाजात बोलायला लागतात.

काय करताय? फोन खाली ठेवा. — नाही, ठेवा आधी. काय लिहिताय ग्रुपवर, रेमंडचा दोष नाही, रेमंडला डोळ्यांचा त्रास? तुमचं मन चांगलं आहे हो, कळतं मला, तुम्हाला त्याचं नाव साफ करायचंय. पण त्या ग्रुपवर कोण कोण आहे? टीमच्या शर्टावर कोणाच्या हॉटेलचं नाव आहे? आमच्या अर्बाबच्या, रेमंडच्या मालकाच्या! तो मॅचला खुर्ची टाकून बसतो, ग्रुपवर लाइकचे अंगठे टाकतो. वाईट नाही माणूस, ईदला घरी मिठाई पाठवतो. पण पुढच्या महिन्यात रेमंडचं कॉन्ट्रॅक्ट रिन्यू व्हायचंय, आणि एका डोळ्याच्या कुकला सुरी हातात कोण देईल? मी पण दिली नसती, त्याच्या जागी असते तर. कॉन्ट्रॅक्ट गेलं की व्हिसा गेला, आणि मार्चमध्ये नॅटलीची बोर्डाची परीक्षा. तोवर, फक्त तोवर पाहिजे मला. मग मीच सांगेन त्याला, की चल रेमंड, बस झालं, घरी जाऊ. त्याच्या समोर बसून सांगेन, त्याला दिसेल असं. पण हे माझ्या तोंडून ऐकू दे त्याला, ग्रुपवर नको.

म्हणून सांगते, लिहा. मुद्दाम हरले म्हणून लिहा. — हो, मीच म्हणते. मघाशी मी काय बडबडले ते सोडा. नियमात शिक्षा काय आहे? पहिली उचल रद्द, आणि गोलकीपरला एक सीझन बंदी. मग घाला की बंदी! अहो, तुम्हाला काय वाटतं, मला ती मॅच बघवत का नाही? हरतात म्हणून? तो डाव्या बाजूने येणारा बॉल आज ना उद्या त्याच्या गळ्याला लागेल, पॅड नसेल तिथे, आणि त्याला कळणारपण नाही कुठून आला. मी म्हटलं तर तो ऐकणार नाही, मी का म्हणतेय ते सांगावं लागेल. तुम्ही म्हटलं तर ऐकेल. कमिटीची बंदी आली म्हटल्यावर पुरुष माणूस चार शिव्या घालतो आणि घरी बसतो. तेवढं करा माझ्यासाठी. अरमान जाऊ दे दुसऱ्या टीमला. ट्रेव्हर ओरडेल, ओरडू दे, त्याच्या फुग्यांत मीठ जास्त घालीन.

खोटं आहे, हो. कौशिक त्याच्याशी बोलायचा नाही. त्या फायनलला हात वर केला होता ते कोणाच्या लक्षात राहणार नाही. माहीत आहे मला. तुम्हाला काय वाटतं, मला सुखाने सुचलं हे? नवऱ्याला चोर म्हणा म्हणून हात जोडतेय मी तुम्हाला. — जोडलेत बघा. म्हणा ना हो. म्हणा हो म्हणून.

…थांबा. लिफ्ट वाजली. तोच. पॅसेजच्या अंधारात चावी लावताना भोक चाचपडतो, तो आवाज. नीट बसा. चेहरा सरळ करा, यल्ला, चला लवकर, कप उचला तो.

आलास? अरे, धनंजयभाऊ आलेत, कमिटीकडून. कधीचे बसलेत. — विचारायला आले होते, तेच, दुसरं काय. तू काही बोलू नको, मी सांगितलंय सगळं. ट्रेव्हरच्या नादाला लागून तू मुद्दाम सोडलेस गोल, सहाच्या सहा. मी म्हटलं, माझ्या नवऱ्याने केलंय, मी झाकणार नाही. — असा काय बघतोस? तूच म्हणाला होतास ना, सोडले म्हणून? मग? नाही म्हणायचंय का तुला?

बघा, नाही म्हणत नाही. एक सीझन बंदी म्हणतायत ते, रेमंड. मी म्हटलं, बरोबर आहे.

चला, धनंजयभाऊ, तुमचं काम झालं. उशीर होईल तुम्हाला, रस्त्याला ट्रॅफिक असेल. हो, हो, बूट तिकडेच आहेत, त्याच्या डाव्या हाताला — अहो, तुम्ही हात कसला पुढे करताय? तो नाही घेणार. मान वळवूनसुद्धा बघणार नाही तो तुमच्याकडे, बंदी घातलीत ना तुम्ही, राग आलाय त्याला. खाली घ्या हात. खाली घ्या म्हणते ना. जा आता.