उजव्या वायपरवरची लाल रेघ

मी, वस्तीत ‘मास्तर’ म्हणून ओळखला जाणारा, वय वर्षे त्र्याहत्तर, व्यवसाय निवृत्त भाषाशिक्षक, राहणार पाण्याच्या टाकीमागच्या बैठ्या घरांपैकी शेवटचे घर, समक्ष हजर राहून विचारल्यावरून सांगतो की,

वरील पत्त्यावर मी एकटाच राहतो. पत्नी हयात नाही. मला एकच मुलगी. ती टेकडीपलीकडच्या प्रयोगशाळेत नोकरीस असून रोज स्वतः गाडी चालवत जाते-येते. जावई कारखान्यात यंत्रांच्या देखभालीचे काम पाहतात.

मंगळवारी संध्याकाळी भर पावसात, उताराच्या वळणावर मुलीची गाडी कठड्यावर आदळली. ती रुग्णालयात आहे. जबडा तारेने बांधल्यामुळे तिला बोलता येत नाही. मी घरच्या घरी केलेली वायपरची दुरुस्ती कच्ची राहिली म्हणून अपघात झाला, असे जावयांनी आपल्या जबाबात सांगितल्याचे मला येथे समजले. त्याबाबत माझे म्हणणे पुढीलप्रमाणे.

आदल्या रविवारी सकाळी मुलगी माझ्याकडे आली. उजवा वायपर, म्हणजे चालवणाऱ्याच्या समोरचा, मध्येच आडवा पडतो असे तिने सांगितले. मी गाडी अंगणात घ्यायला लावली. शाळेत असताना घंटेपासून सायकलींपर्यंत सगळे मीच दुरुस्त करत असे, त्यामुळे हत्यारे घरात आहेत. तिला आत बसवून वायपर सुरू करायला सांगितले व काचेवर तांब्याने पाणी ओतत राहिलो. डावा वायपर नीट चालत होता. उजवा अर्ध्यावर जाऊन मान टाकत होता. दोघांना मोटर एकच असते. डावा चालतो म्हणजे मोटर व फ्यूज शाबूत. रबरही नवे होते. म्हणून दांडीच्या बुडाशी असलेली प्लॅस्टिकची टोपी काढली. खाली दांडी आवळून धरणारा नट असतो, तो ढिला होता. दांडीचे दाते झिजलेले नव्हते. मात्र नटाच्या कोपऱ्यांवर पान्ह्याचे ताजे, चकचकीत ओरखडे होते.

मी विचारले, “कुणा मेकॅनिकला दाखवली होतीस का गं?”

ती म्हणाली, “नाही. ह्यांनीच परवा बॉनेट उघडलं होतं. पाणी भरतो म्हणाले.” त्यानंतर तिने काचेच्या पलीकडून माझ्याकडे पाहिले. मी तांब्या भरायला नळावर गेलो.

नट आवळला. खात्रीसाठी डावाही आवळला. पुन्हा पाणी ओतले. दोन्ही वायपर एका तालात चालू लागले. जाताना आखूड, येताना लांब. लघु, गुरू, लघु, गुरू. एखादी जुनी शाळेतली कविता वर्गाने एका सुरात म्हणावी तसे. (येथे ठाणे अंमलदारांनी मुद्द्यावर येण्याची सूचना केली.) मुलगीही तेव्हा तेच म्हणाली होती, “बाबा, वायपर आहे तो. मात्रा मोजू नका.” ती हसली. मग म्हणाली, “पण अजून थोडा वेळ लागेल ना? सावकाश करा. मला घाई नाही.”

उकाडा असूनही तिने अंगात लांब बाह्यांचा कुडता घातला होता. हत्यारे उचलताना डावी बाही थोडी वर गेली, ती तिने लगेच खाली ओढली. मी पान्हा पुसत बसलो.

आवळलेल्या नटावर खूण करून ठेवण्याची मला सवय आहे. तिच्या आईच्या नेलपॉलिशची लाल बाटली त्यासाठीच जपून ठेवलेली आहे. खूण अर्धी नटावर व अर्धी मधल्या खुंटावर येईल अशी काढायची. नट जरा हलला तरी खूण तुटते. तशी ती मी दोन्ही नटांवर काढली, सुकू दिली व टोप्या बसवल्या. टोपी बसवताना मुलगी म्हणाली, “टोपीखाली कोण बघणारे, बाबा?”

मी म्हणालो, “तपासलेल्या पेपरावर खूण हवीच.”

ती संध्याकाळी गेली. गाडी फाटकाबाहेर काढून बराच वेळ इंजिन चालू ठेवून बसली होती.

ती घरी पोचल्यावर जावयांचा मला फोन आला. लग्न झाल्यापासून त्यांनी आपणहून केलेला हा पहिलाच फोन. मला बरे वाटले.

“बाबा, कसला बिघाड होता?”

“काही नाही हो, नट ढिला झाला होता. आवळलाय.”

“पुन्हा ढिला झाला तर कळायचं कसं?”

“टोपीखाली लाल रेघ ओढून ठेवलीय. नट हलला तर रेघ तुटेल.”

ते हसले. “वा! मास्तरकी काही सुटत नाही तुमची.”

सोमवारी पाऊस नव्हता. मंगळवारी दुपारनंतर लागला.

आज हवालदार साहेबांनी मला आवारात उभी असलेली गाडी दाखवली. पुढचा भाग चेपला आहे, पण वायपर जागेवर आहेत. उजव्या वायपरची टोपी काढली. दांडी हाताने डुलत होती आणि नटावरून खुंटावर गेलेली लाल रेघ अखंड होती. हवालदार साहेब म्हणाले, “बघा आजोबा, रेघ कुठं तुटलीय? म्हणजे तुम्ही सोडलात तिथंच नट आहे. तुम्हीच ढिला ठेवलात. वय झालं की हातात जोर राहत नाही, त्यात तुमचा काय दोष!”

मी त्यांना डाव्या वायपरचीही टोपी काढायला सांगितले. त्या नटावर रेघ नाही. तिथे बरोबरची खूण आहे, पेपरावर करतात तशी. मी आयुष्यभर दुसरी खूण केलेली नाही. मी डावखुरा असल्याने ती उलट्या बाजूला कलते. वर्गातली मुले म्हणत, मास्तरांचं बरोबरसुद्धा उलटं! डाव्या नटावर ती तशीच उलटी आहे आणि तो नट हाताने हलत नाही.

उजव्या नटावरची सरळ रेघ मी ओढलेली नाही. नटावर पान्हा बसवला की वाळलेल्या रंगाची खपली उडते. आधी तिथे काय होते, हे मग सैल करणाऱ्याला कळत नाही. त्याला फक्त ऐकलेले ठाऊक असते. ‘रेघ’ हा शब्द मी एकाच माणसाला, फोनवर सांगितला. मुलीने खूण डोळ्यांनी पाहिली होती.

बुधवारी मी रुग्णालयात गेलो तेव्हा जावई तिच्या उशाशी बसून होते. मला म्हणाले, “बाबा, तुम्ही आता गाडीबिडीला हात लावू नका. बरी झाली की नवी गाडी घेऊ. तिची देखभाल मीच करीन.” मुलगी छताकडे बघत होती. मी निघालो तेव्हा तिने माझी बाही धरली. परिचारिकेने एकेक बोट करून ती सोडवली. जावई म्हणाले, “औषधाचा अंमल आहे.”

उद्या दुपारी तिला घरी सोडणार आहेत. घरी म्हणजे जावयांच्या घरी. त्यांनी कागदांवर सही केल्याचे मला परिचारिकेकडून समजले. माझी विनंती अशी की दोन्ही नट आहेत तसे सील करावेत, गाडी जावयांच्या ताब्यात देऊ नये आणि मुलीला सोडण्यापूर्वी महिला पोलिसाने, जावई खोलीत नसताना, तिला भेटावे. तिला बोलता येत नसले तरी तिचा लिहिता हात शाबूत आहे.

वरील मजकूर ठाणे अंमलदारांनी मला सावकाश वाचून दाखवला. लघु-गुरूचे वाक्य गाळावे का, असे विचारले. मी राहू द्यावे म्हणालो. मी सांगितले तेच व तेवढेच यात आले आहे. खाली त्यांच्यादेखत, डाव्या हाताने, सही केली आहे. सहीशेजारी लाल पेनने बरोबरची खूण काढली आहे. ती डाव्या नटाशी ताडून पाहावी. हे उद्या दुपारच्या आत व्हावे.