निरामिष आमिष

उघड, उघड — अरे, डब्यावर ‘दही’ लिहिलंय म्हणजे आत दहीच असेल असं कोणी सांगितलं तुला? गांडुळं आहेत. इथे नाइटक्रॉलर म्हणतात, करंगळीएवढी जाड, सकाळीच आणली बेट-शॉपमधून, आमिषाच्या दुकानातून. दचकलास ना? सांभाळ, बोट हलतेय — ही लेक ईरी आहे बाबा, सारसबागेतलं तळं नव्हे, पाय पसरून बसायचं नाही आणि उभं तर अजिबात राहायचं नाही. हां, अस्सं. तर तू काय विचारलंस — जिवंत लावायचं की कृत्रिम? प्रताप, तू केमिकलमध्ये पीएचडी करतोयस, प्रश्न बरोबर विचारलास. पण ह्या प्रश्नावरून घरं फुटतात. हसू नकोस, माझंच फुटलंय. — तो गळ तिकडे धर, माझ्या कानाकडे नको.

हे बघ, वॉलआय म्हणजे मोठा चोखंदळ मासा. डोळे मांजरासारखे, उन्हाचं वावडं, म्हणून आजच्यासारखं ढगाळ असलं आणि पाण्यावर जरा खळबळ असली की त्याला भूक लागते, नाहीतर रुसलेल्या जावयासारखा तळाशी बसून राहतो. आणि घास घेतो तोही असा हळूच, की दोरीला कळतं आणि आपल्याला कळत नाही. आता त्याला काय दाखवायचं? जिवंत गांडूळ दाखव — ते वळवळतं, त्याचा वास सुटतो, माशाला शंका येत नाही. नाहीतर हे. हा माझा खजिना — हात लाव, काही होत नाही — रबरी शेपट्या, रंगवलेले डोळे, चमचम करणारी पानं. हे मरत नाही, सडत नाही, फ्रिजमध्ये ठेवावं लागत नाही. फ्रिज महत्त्वाचा. ह्याला मी नाव ठेवलंय, निरामिष आमिष. कळलं? आमिष म्हणजे गळाला लावतो ते, आणि आमिष म्हणजे मांसही. तर निरामिष आमिष म्हणजे शाकाहारी मटणच की. एकट्यानेच हसतो मी ह्याच्यावर. हा विनोद कळायला मराठी पाहिजे आणि मासे पकडणारा पाहिजे, असा दुसरा माणूस अख्ख्या ओहायोत नाही.

खातो का? छे रे. आमच्या घरी सात पिढ्यांत कोणी मासा खाल्ला नाही. पकडायचा, बघायचा, सोडून द्यायचा. आमच्या हिचं, म्हणजे तुझ्या मालिनीकाकूचं म्हणणं, खायचा नाही तर त्या बिचाऱ्याला छळायचं कशाला? बरोबर आहे तिचं. पण काचेच्या कारखान्याने आमचं अख्खं डिपार्टमेंट बंद केलं ना, त्या वर्षी मी घरात नुसता बसून असायचो — खिडकीशी बसायचो, समोरच्याचं गवत बघायचो, ते कापलं की वाढायची वाट बघायचो. बायको बोलायची तेव्हा त्रास व्हायचा, गप्प बसायची तेव्हा जास्त. तेव्हा स्कॉट म्हणाला, मिस्टर जगन्नाथ, चला. स्कॉट म्हणजे — सांगतो. त्यानेच मला ह्या बोटीत बसवलं, गाठ मारायला शिकवली, दोरी बोटाने चाचपायला शिकवली. दिवसदिवस बसायचो आम्ही इथे. नोकरी गेलेल्या माणसाला ‘आता पुढे काय’ असं न विचारणारा तेवढा एकच भेटला मला.

स्कॉट कोण? विनीताचा — आमच्या मुलीचा — मित्र. मित्रच म्हणतो मी. विनीता क्लीव्हलँडला असते, शाळेत मुलांना बँड शिकवते, ट्रॉम्बोन वाजवते, तो लांबलचक पितळी कर्णा. हो, मुलगी, आणि ट्रॉम्बोन. तोही त्याच शाळेत. तुझ्या काकूला सगळं माहीत होतं, पण माहीत असणं वेगळं आणि मान्य असणं वेगळं. तरी यायचा तो घरी, वरणभात खायचा, हाताने खायचा, भात नाकापर्यंत जायचा त्याचा. काकूला हसू यायचं, ते दिसू नये म्हणून आत जायची. निवळत होतं रे सगळं. हळूहळू निवळत होतं.

आणि मग हा डबा. — नाही, ओढू नकोस, ती लाट आहे, मासा नव्हे. — तुमच्या अपार्टमेंटमध्येपण असेल की असंच? कॉटेज चीज संपलं की डबा धुऊन ठेवायचा. आइस्क्रीमच्या डब्यात डाळ, मार्जरिनच्या डब्यात खोबरं. आमच्या फ्रिजमध्ये एका डब्यात जे छापलंय ते असेल तर शपथ. म्हणून काकू चिकटपट्ट्या लावते, मराठीत — ‘चटणी’, ‘विरजण’, ‘दही’. गेल्या श्रावणात सत्यनारायण होता घरी. स्कॉट आदल्या दिवशी आला, माझ्यासाठी भेट म्हणून गांडुळं घेऊन. दुकानातला खोका फाटका, मातकट. त्याला वाटलं, ह्यांच्या स्वच्छ फ्रिजमध्ये हे असं कसं ठेवायचं? ह्या घरची रीत त्याने बघितलेली — इथे प्रत्येक गोष्ट धुतलेल्या डब्यात जाते. म्हणून त्याने ओट्यावर वाळत घातलेला एक डबा घेतला, त्यात माती घातली, गांडुळं घातली, झाकण नीट दाबलं आणि वरच्या कप्प्यात ठेवला. पट्टीवर काय लिहिलंय ते त्याला कुठे वाचता येतंय? त्याला वाटलं नक्षी असेल. बाकी कोणी पाहुणा इतका विचार करेल का सांग मला. घरच्यासारखं वागायला गेला पोरगा.

पुढचं तुला कळलंच. चंद्रशेखर पूजा सांगत होता — आहे सिव्हिल इंजिनिअर, पण आवाज खणखणीत — पंचामृत म्हणाला, काकूने फ्रिजमधून डबा काढला, गप्पांच्या नादात चमचा घातला आणि चांदीच्या वाटीत ओतला. दुधात. मधावर. मंडळाची सगळी माणसं भोवती बसलेली. आधी कोणाला कळेचना, मग ते हललं. — हस, हस, मीही हसलो. तीच चूक झाली म्हणतात. काकू ओरडली नाही, वाटी घेऊन मागच्या दाराने बाहेर गेली आणि परत आली तेव्हा म्हणाली, ह्या मुलाचा पाय माझ्या घरात नको. इंग्रजीत म्हणाली, त्याला कळावं म्हणून. विनीता म्हणाली, मग माझापण नको. तेही इंग्रजीतच. तेव्हापासून ती नाही आली. दिवाळीला नाही, तिळगूळ पोस्टाने पाठवला तर पावती आल्यासारखं थँक-यू कार्ड आलं. रविवारी फोन करते — हाय बाबा, हाऊ आर यू, हाऊज द वेदर. मी हवा सांगतो. काकू शेजारी उभी असते, फोन घेत नाही, आणि ठेवला की विचारते, काय म्हणाली? मी सांगतो, हवा. गंमत बघ, मराठीत लेक म्हणजे मुलगी. ही लेक पाच मिनिटांवर आहे आणि ती लेक दोन तासांवर असून सापडत नाही.

त्या दिवसापासून घरात गांडूळ बंद, आणि हा डबा बोटीत पडून. मी निरामिष झालो. आणि खरं सांगू? वर्ष होत आलं, ह्या चमचमत्या शेपट्यांना एक मासा शिवला नाही. लोक पकडतात ह्याच्यावर, नाही असं नाही, हात हवा तसा, दोरी सतत खेळवत राहावी लागते, जिवंतपणाचं सोंग आपण आणावं लागतं. माझ्याने होत नाही. थकलोय मी. घरीपण तेच करतो दिवसभर.

पण स्कॉट एक सांगायचा, ते लक्षात ठेव. मासा खायचा असेल तर काहीही लाव. सोडायचा असेल तर कृत्रिम बरं. का? कृत्रिम त्याला तोंडात घेताच कळतं, गळ ओठात अडकतो, काढला की गेला पोहत. जिवंतावर त्याचा विश्वास असतो, तो गिळतो. गळ आत जातो, पार पोटात. मग काढायला जाशील तर आतडं येतं. सोडलास तरी मरतो.

आता तू म्हणशील, मग आज ही गांडुळं का आणलीत काका? बरोबर. आणली खरी. — किती वाजले? असू दे. — प्रताप, तुला कधी वाटलं नाही, की मंडळाच्या पाडव्याला एकदा पाचच मिनिटं भेटलेली काकू एकदम फोन करून ‘फिशिंगला ये’ का म्हणाली? जिला माशाचा वास सहन होत नाही ती? काल रात्री पुरणपोळ्या कशासाठी होत्या? तुझं गोत्र कशाला विचारलं? हां. आता पडला प्रकाश. कांदेपोहेच आहेत हे, फक्त बोटीतून. आज विनीता घरी येणार, तू असणार, सहज ओळख होणार. काकूचा हिशेब. तुझ्यात खोट काही नाही रे, चांगला मुलगा आहेस, वाईट वाटून घेऊ नकोस. पण तुझ्यासाठी ती क्लीव्हलँडहून आली असती का? तू कृत्रिम. तुझ्यावर मासा येणार नाही हे काकूलाही ठाऊक. म्हणून तिने जिवंत लावलं.

मी. मला लावलं. सकाळी दाढी करताना ऐकलं — फोनवर सांगत होती, बाबांच्या छातीत दुखतंय, हॉस्पिटलमध्ये जायचं नाही म्हणतात, तुझं नाव घेतायत. नाव घेतो हे काही खोटं नाही. बाकी सगळं खोटं. मग मला म्हणाली, सोफ्यावर पडून राहा, पांघरूण घ्या. पांघरूणपण काढून ठेवलेलं. रडत होती रे ती. दुष्ट नाही ती, तिलाही पोर परत पाहिजे, फक्त मागायचं कसं ते येत नाही. मी नुसतं म्हटलं, मुलाला वॉलआय दाखवून आणतो, आणि निघालो. पळालोच म्हण. सोफ्यावर पडायचं नव्हतं आणि नाही म्हणायचंही नव्हतं. वाटेत दुकान लागलं, पायच वळले. वर्षभराने आज हाताला मातीचा वास लागला.

थांब. ती निळी गाडी — पार्किंगमध्ये, दार उघडं टाकून — आणि पिअरवर, त्या लाकडी धक्क्यावर, कोण धावतंय ते? विनीताच. कोपरं बाहेर काढून धावते लहानपणापासून. मागून तो. काकूने सांगितलं असणार, दुखत होतं तरी ऐकलं नाही, गेले तसेच पाण्यावर. आई गं. काय चेहरा झाला असेल पोरीचा गाडीत.

ऐक. मी आता असा छातीवर हात ठेवून वाकून बसलो ना, तर ती घरी येईल. राहीलसुद्धा. उशाशी बसेल, मऊ भात भरवेल, मी म्हणेन ते ऐकेल. गळ लागेल, अगदी आत लागेल. आणि मग कळेल तिला, आज नाही तर उद्या, तेव्हा तो काढायचा कोणी? — माझा पट्टा धर. घट्ट धर, उभा राहतोय मी. माहीत आहे, मीच सांगितलं उभं राहायचं नाही. विनी! ए विनीऽऽ! मला काही झालेलं नाही! काहीही नाही! आय ॲम फाइन! — हात कर तूपण, हसत कर, मेला-बिला नाही कोणी हे कळू दे तिला. थांबली. कमरेवर हात. आईवर गेलीय. कळलं तिला. सगळं कळलं.

वळली. गाडीकडे चालली. बरोबर आहे. असंच व्हायला हवं, सोडायचं म्हणजे सोडायचं. बसतो मी. वारा जातोय डोळ्यांत, मला काही नीट दिसत नाही, तूच सांग — बसली गाडीत? नाही? मग काय करतेय? चपला? चपला काढतेय गाडीतून? अनवाणी आली होती माझी पोर त्या फळ्यांवरून, प्रताप. आणि? घातल्या? — परत येतेय? — बसली? टोकाला, पाय खाली सोडून? आणि तो शेजारी. बरं.

नांगर ओढ. आणि हे बघ, आज जेवायला थांबू नकोस. काकूला सांग, लॅबमध्ये काम निघालं. खोटं आहे, पण कृत्रिम आहे, ओठातल्या ओठात राहील. पुरणपोळ्या देईल ती बांधून, डब्यात. पट्टीवर विसंबू नकोस, उघडून बघ. नाही, आता काही विचारू नकोस. त्या दह्याला झाकण लाव आणि ओढ.