पाठीवरचं लेबल

आमच्या शर्टाचं लेबल आत नसून बाहेर पाठीवर का, हे सगळेच विचारतात. चहा घ्या, सांगते.

परभणीत आजोबांनी शिलाईचा कारखाना काढला, पण लेबलावर आडनाव कधी टाकलं न्हाई. आडनाव वाचलं की जात कळते, मग माल कोण उचलणार? नुसतं 'परभणी' लिहायचे. बाबांनीही तेच चालवलं. कारखाना माझ्याकडं आला तशी मी आडनाव टाकलं.

"माल परत येईल, पोरी," बाबा म्हणाले.

आलाच. बोरी गावचा दुकानदार, आजोबांपासूनचा जुना माणूस, स्वतः गठ्ठा घेऊन आला.

"ताई, शिलाई लय झकास हाय. तेवढं लेबल काढून द्या. गिऱ्हाईक ते वाचून शर्ट खाली ठेवायलंय."

मी तोंड उघडायच्या आत बाबांनी गठ्ठ्यातून एक शर्ट ओढला. मला वाटलं, आता ब्लेड मागतील आणि लेबल उसवतील. त्यांनी शर्ट उलटा केला आणि तसाच अंगात घातला.

"भाऊ, उलटा घातला तुमी," दुकानदार म्हणाला.

बाबा त्याच्याकडं पाठ करून उभे राहिले.

"वाचता येतंय का?"