नंदकुमारचा डबा

...एकसुद्धा माणूस नाही हो! आठ महिन्यांत एक नाही! तुम्हाला सांगतो, हा नंदकुमार, आमच्या ऐरोलीच्या सोसायटीचा सेक्रेटरी, रिटायर झाल्यावर गप बसेल तर शप्पथ! मुलीने, जाईने, मोबाइलवर ते जिओकॅशिंग शिकवलं. म्हणजे काय, तर आपण डबा लपवायचा, जागा ॲपवर टाकायची, अनोळखी लोकांनी पायपीट करून तो शोधायचा, आतल्या वहीत काहीतरी लिहायचं, एक वस्तू ठेवायची, एक घ्यायची. झालं! ह्याने उरणकडच्या एका किनाऱ्यावर, कोळीवाड्यामागच्या जुन्या विहिरीच्या कट्ट्याखाली डबा लपवला. आत स्वतः लिहिलेला इतिहास... गलबतं कुठे लागायची, मीठ कुठे जायचं, खलाशी ह्या विहिरीवर पाणी कसे भरायचे... आणि ॲपवर नोंदी किती? शून्य! जाई रोज चिडवायची, 'बाबा, तुमचा इतिहास माशांनी वाचला असेल!' धक्के खायचे तरी किती माणसाने?

शेवटी परवा मंगळवारी निघाला, डबा उचलून आणायला. तीन किलोमीटर उन्हात चालला, घामाने निथळला, आणि बघतो तर... रांग! डब्यासमोर रांग! डब्याला हळदकुंकू, झेंडूचा हार, वर पत्र्याचं छप्पर! ह्याने पुढे घुसून वही उघडली. वहीत काय, तर 'सुनेला दिवस जाऊ देत', 'बोटीचं इंजिन चालू दे'! झाकणावर ह्यानेच लिहिलेलं ना, लिहा, ठेवा, घ्या... लोक नवस लिहीत होते, नारळ ठेवत होते, प्रसाद घेत होते! धक्के खायचे तरी किती?

'अहो, डबा माझा आहे!' हा ओरडला. तर सुमित्राबाई म्हणून तिथली कोळीण, सगळ्यांची म्होरकी, पदर खोचून म्हणते, 'तुजा? देवाचा हाय तो. लायनीत ये!' आणि तिने पोथी काढली. पोथी कसली, ह्याचाच इतिहास! माणसं हात जोडून ऐकतायत! नंदकुमारचे डोळे भरून आले हो, खोटं नाही सांगत. कुणीतरी वाचलं होतं!

मग तिने पान उलटलं.

अहो, जन्मभर कारकुनी केलेला माणूस कोरा कागद वापरेल? पाठकोऱ्यावर छापलेला इतिहास! आणि मागे सोसायटीची नोटीस! 'श्रमदान. दर मंगळवारी सकाळी सर्व सभासदांनी पाण्याची टाकी साफ करावी. गैरहजर सभासदाचे नाव फळ्यावर लावण्यात येईल. आज्ञेवरून, नंदकुमार, सेक्रेटरी.' सोसायटीत दहा वर्षं त्या नोटिशीला कुत्रं विचारत नव्हतं! आणि इथे? टाकी नाही म्हणून अख्ख्या वाड्याने विहीर उपसली, घासली, लख्ख केली! तळ दिसतो हो, तळ! धक्के खायचे तरी किती, तुम्हीच सांगा!

ह्याला राहवलं नाही. छाती पुढे काढून म्हणाला, 'तो नंदकुमार मीच!'

सुमित्राबाईने त्याला वरपासून खालपर्यंत बघितलं. 'तू व्हय? बरा आलास. बत्तीस मंगलवार तुजंच नाव फल्यावर हाय.' आणि हातात खराटा!

संध्याकाळी गुडघाभर चिखल घेऊन घरी आला. जाईने विचारलं, 'बाबा, सापडला का डबा?'

'डब्याचं सोड गं... मीच सापडलो त्यांना. पुढच्या मंगळवारी आठला बोलावलंय.'